मैद्याला सुट्टी, वॉफलला नाही!

पाव फुगायचा तर पिठात ग्लुटेनचं घट्ट जाळं तयार व्हावं लागतं आणि कोंड्याचे टोकदार कण ते जाळं जागोजागी कापतात. म्हणून निव्वळ कणकेचा पाव मैद्याच्या पावाइतका फुलत नाही. पॅनकेकचं गणित उलटं आहे. इथे ग्लुटेन जितकं कमी, तितका पदार्थ मऊ. पीठ जास्त घोटलं की पॅनकेक चिवट होतो, तो याच ग्लुटेनमुळे. म्हणजे पावात आडवा येणारा कोंडा पॅनकेक आणि वॉफलमध्ये चक्क कामाला येतो! मैद्यावाचून ज्यांचं सर्वांत कमी अडतं, असे हे दोन पदार्थ. तरीही तयार पॅनकेक मिक्सच्या पाकिटावर पहिला घटक बहुतेक वेळा मैदाच असतो. घरी हे बदलायला कणकेचा डबा, ताक, तवा आणि पुढची थोडी माहिती पुरेशी आहे.

हिममानवाच्या पोटातला गहू

१९९१ साली इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात एका माणसाचा गोठलेला देह सापडला. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव पडलं ओट्झी. त्याच्या पोटात आणि आतड्यात रानटी बोकडाच्या आणि हरणाच्या मांसाबरोबर आइनकॉर्न नावाचा प्राचीन गहू निघाला, शिवाय कोळशाचे सूक्ष्म कण. धान्य भरडून विस्तवावर भाजलेलं काहीतरी त्यानं खाल्लं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन तर पॅनकेकची कृतीच सांगून गेला: पीठ पाण्यात कालवायचं, तापलेल्या तेलात ओतायचं, आवळून आलं की उलटायचं आणि मधाबरोबर खायचं. १७९६ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पाककृतींच्या पुस्तकात ‘स्लॅपजॅक’ आहेत, ते मुख्यतः मक्याच्या भरड पिठाचे. पांढराशुभ्र मैदा सर्वसामान्यांच्या घरात स्वस्तात पोचला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पोलादी रुळांच्या गिरण्या आल्यावर. पॅनकेकच्या एवढ्या लांबच्या प्रवासात मैदा अगदी शेवटच्या स्टेशनावर चढला आहे.

आणि आपल्याकडे? कणीक, गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून केलेली गोड धिरडी हा अख्ख्या धान्याचा पॅनकेकच की. त्यात बेकिंग पावडर नसते, एवढाच फरक.

दाण्यातलं राजकारण

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग. बाहेरचा कोंडा वजनाने सुमारे १४ टक्के, अंकुर अडीच-तीन टक्के आणि उरलेला ८३ टक्क्यांच्या आसपास पिठाळ गर. मैदा म्हणजे फक्त हा गर. तंतू, बरीचशी ब जीवनसत्त्वं, लोह, मॅग्नेशियम ही मंडळी मुख्यतः पहिल्या दोन भागांत राहतात आणि चाळणीबरोबर निघून जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत तंतू ११ ग्रॅमच्या वर भरतात, मैद्यात ३ ग्रॅमपेक्षाही कमी. एकाच गव्हाची ही दोन पिठं, आणि फरक चौपट!

मग रव्याचे पॅनकेक? पुष्कळ घरांत रवा हा मैद्याला ‘पौष्टिक पर्याय’ म्हणून वापरला जातो. पण साधा रवासुद्धा त्याच गराचा, फक्त जाडसर दळलेला. अख्खा दाणा हवा असेल तर दलिया, म्हणजे आपला लापशीचा रवा घ्या. तो अर्धा तास ताकात भिजवून वॉफलच्या पिठात मिसळला की मधूनमधून छान दातांखाली येतो.

ओट्सबद्दल एक गैरसमज सरसकट आहे: चपटे केलेले ओट्स म्हणजे प्रक्रिया केलेले, म्हणून निकृष्ट. खरं तर ते वाफवून रुळांखाली दाबलेले असतात, कोंडा आणि अंकुर दोन्ही शाबूत. म्हणून तेही अख्खं धान्यच. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, असं पाकिटावर लिहायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये परवानगी दिली. त्यासाठी रोजचं प्रमाण धरलं ते ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन. तेवढ्यासाठी साधारण ७५ ते ८० ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. मिक्सरमधून फिरवले की झालं ओट्सचं पीठ, वेगळं विकत आणायची गरज नाही.

आपल्या गिरणीचा फायदा

परदेशी पाककृतीत ‘होल व्हीट’ वापरून केलेले पॅनकेक कडवट लागतात, अशी तक्रार पाश्चात्त्य स्वयंपाकघरांत जुनी आहे. कारण तिथला पारंपरिक गहू लाल सालीचा असतो आणि त्या सालीत कडवट-तुरट द्रव्यं जास्त. आपला लोकवन किंवा सरबती सोनेरी सालीचा, चवीला सौम्य आणि गोडसर. त्यामुळे त्या तक्रारीला घाबरून अर्धा मैदा घालण्याचं आपल्याला कारणच नाही. कणकेचे पॅनकेक चवीला मैद्याच्या पॅनकेकपेक्षा सरस होतात, हे मी अगदी ठामपणे सांगेन. त्यांना स्वतःची चव असते, मैद्याला ती सिरपकडून उसनी घ्यावी लागते.

एक गोष्ट मात्र पाळा. जात्याच्या दगडांत दळताना पिठातले स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात आणि फुटलेला कण पाणी जास्त पितो. पोळीची कणीक मऊ राहते ती त्यामुळेच. म्हणून परदेशी कृतीत एक कप पिठाला जेवढं दूध सांगितलं असेल, त्यापेक्षा कणकेला जरा जास्त लागतं. पीठ भिजवल्या भिजवल्या सरसरीत वाटतं आणि पंधरा मिनिटांनी पाहावं तर घट्ट गोळा! कोंडा पाणी हळूहळू शोषतो. त्याला तेवढा वेळ द्यायचा, मग थोडं ताक घालून पुन्हा सैल करायचं. न मुरलेल्या पिठाचे पॅनकेक किरकिरे लागतात आणि दोष बिचाऱ्या कणकेला मिळतो.

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडे बेळगाव या पट्ट्यातला खपली गहू पॅनकेकसाठी तर अफलातून आहे. जगातल्या सर्वांत आधी लागवडीखाली आलेल्या धान्यांपैकी हा एक. याचं ग्लुटेन दुबळं, म्हणून पावाला तो फारसा उपयोगी नाही आणि नेमका त्याच कारणानं पॅनकेकला उत्तम. पण ग्लुटेन दुबळं असलं तरी असतं! सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांनी खपलीच्याही वाटेला जाऊ नये.

ज्यांचा मैदा होतच नाही

इथिओपियाचं टेफ हे धान्य इतकं बारीक की त्याचं साल वेगळं काढणं व्यवहारात जमतच नाही. त्यामुळे त्याचं पीठ म्हणजे अख्ख्या दाण्याचंच पीठ. ते दोन-तीन दिवस आंबवून जाळीदार, आंबटसर इंजेरा करतात आणि अख्खं कुटुंब त्या एकाच भल्यामोठ्या घावनाभोवती बसून जेवतं.

आपली नाचणी तशीच. तिचं साल आतल्या मऊ गराला इतकं घट्ट धरून बसतं की तांदळासारखं पॉलिश करायला गेलं तर दाण्याचाच भुगा होतो. म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या सालासकट दळली गेली आणि तिच्यातलं सगळं तिच्यातच राहिलं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं केलं, तेव्हा तिला मोठी प्रसिद्धी मिळाली. कोकणातल्या घरांना तिची ओळख करून द्यावी लागली नव्हती.

नाचणीत ग्लुटेन नाही, त्यामुळे निव्वळ तिचा पॅनकेक उलटताना मोडतो. एक वाटी कणकेला अर्धी वाटी नाचणी, हे प्रमाण छान जमतं. अंडं चालत नसेल तर जवस आणा. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की बुळबुळीत लगदा होतो, तो एका अंड्याच्या जागी पीठ बांधून ठेवतो.

उपवासाच्या दिवशी राजगिरा आहेच. हा मूळचा मध्य अमेरिकेकडचा. अ‍ॅझ्टेक लोकांच्या रोजच्या आहारातलं महत्त्वाचं धान्य. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं तो गवताच्या कुळातलं खरं धान्यच नव्हे, म्हणून उपवासाला चालतो असं म्हणायला हरकत नाही! राजगिऱ्याच्या पिठात उकडलेला बटाटा कुस्करून ताकात सैल भिजवलं की तव्यावर सुरेख जाड घावन होतं.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली गालेट, रशियातले जुन्या पद्धतीचे ब्लिनी, उत्तर भारतातली कुट्टूची पुरी, ही सगळी एकाच बीची, कुट्टूची लेकरं. कुट्टू हीसुद्धा गवताच्या कुळाबाहेरची, गव्हाशी काडीचं नातं नसलेली वनस्पती.

आप्पेपात्र काढा

नेदरलँड्सच्या जत्रांमध्ये पॉफर्टजेस नावाचे इवलेसे फुगीर पॅनकेक मिळतात. पारंपरिक कृतीत कुट्टूचं पीठ आणि यीस्ट, आणि भांडं म्हणजे ओळीनं खळगे असलेला बिडाचा तवा. पाहिल्यावर कोणत्याही मराठी घरातल्या माणसाच्या तोंडून ‘अरे, हे तर आप्पेपात्र!’ एवढंच निघेल. डेन्मार्कमध्येही एब्लेस्किव्हर याच घाटाच्या भांड्यात करतात. तेव्हा वॉफल मेकर नसेल तर अडून बसू नका. कणीक-नाचणीचं पॅनकेकचं पीठ आप्पेपात्रात घाला, मध्ये केळ्याचा एकेक काप ठेवा, झाकण, मंद आंच. मुलं काट्याचमच्याविना डब्यात खाऊ शकतील असा पॅनकेक तयार.

बुटाच्या तळव्याखालचं वॉफल

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये धावपटूंचे प्रशिक्षक आणि ‘नाइकी’चे सहसंस्थापक बिल बॉवरमन यांना हलका पण जमीन घट्ट पकडणारा बुटाचा तळवा हवा होता. नाश्त्याच्या टेबलावर वॉफलचा चौकडी ठसा पाहून त्यांनी घरातल्या वॉफलच्या साच्यात युरेथेन ओतलं. साच्याला आधी काही चोपडलं नव्हतं, त्यामुळे तो कायमचा चिकटून बंद! पण कल्पना टिकली आणि काही वर्षांत ‘वॉफल ट्रेनर’ बाजारात आला.

साच्याला आधी तेल चोपडण्याचा हा धडा तुमच्या कणकेच्या वॉफललाही लागू. अख्ख्या धान्याच्या पिठात गूळ घातला की ते लवकर चिकटतं. थंड साच्यात फासलेलं तेल तापेस्तोवर करपतं, म्हणून आधी साचा तापवायचा आणि पीठ ओतायच्या ऐन क्षणी ब्रशने पातळ तेल फिरवायचं.

त्या चौकड्यांचं प्रयोजन निव्वळ शोभेचं नाही. खळग्यांमुळे पृष्ठभाग खूप वाढतो, दोन्ही बाजूंनी उष्णता खोलवर पोचते आणि कुरकुरीत भाग जास्त मिळतो. झाकण केव्हा उघडायचं हे वाफ सांगते. कडेनं येणारी वाफ जवळजवळ थांबली की आतलं पाणी उडालं. त्याआधी उघडलंत तर वॉफलचे दोन आडवे तुकडे होणार. रंगावर विसंबू नका, नाचणीचं पीठ मुळातच तपकिरी असतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांना चुलीवर न घसरता उलटता येणाऱ्या वॉफलच्या साच्याचं पेटंट मिळालं २४ ऑगस्ट १८६९ रोजी. अमेरिकेत तो दिवस वॉफल दिन म्हणून पाळतात.

नाचणारा थेंब

तवा तापला का, हे पाहायला पाण्याचा थेंब टाकतात. तो चर्रकन उडून गेला तर तवा पोळीला ठीक, पण गोळी होऊन नाचू लागला तर फार तापला. या नाचाचं वर्णन जर्मन वैद्य योहान लाइडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये केलं: थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगतो. मैद्याच्या पॅनकेकला नाचणारा थेंब चालून जातो. कणीक, नाचणी आणि गूळ लवकर करपतात, त्यामुळे थेंब नाचू लागला की आंच कमी करून तवा जरा निवू द्या. बिडाचा तवा असेल तर फारच छान, आणि तेल पुसायला कोकणातली नारळाची शेंडी कुठल्याही ब्रशला हार जाणार नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये जगातल्या १४ प्रकारच्या पॅनकेकच्या पृष्ठभागावरची नक्षी अभ्यासली. जाड पिठात वाफ अडकून वेडेवाकडे खड्डे पडतात, पातळ पिठातून ती सहज निसटते आणि रंग सारखा येतो. हा अभ्यास करणाऱ्यांचा खरा विषय होता काचबिंदूच्या शस्त्रक्रिया! पातळ पडदा आणि त्यातून वाट काढणारा द्रव, दोन्हीकडे प्रश्न एकच.

बायकोसाठी शोधलेली पावडर

बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्टही सोसत नसे आणि अंडीही. तिच्यासाठी १८४३ मध्ये त्यांनी यीस्टशिवाय पीठ फुलवणारी पावडर तयार केली. आज आपण बेकिंग पावडर म्हणतो ती याच घराण्यातली.

आपल्या स्वयंपाकघरात ताक असल्यामुळे निम्मं काम तेच करतं. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की बुडबुडे उठतात. म्हणून सोडा पीठ मुरल्यानंतर, अगदी शेवटी घालावा. तो जास्त पडला तर साबणासारखी चव येते. ब्लूबेरी घातलेले पॅनकेक कधीकधी हिरवट पडतात तेही जास्तीच्या सोड्यामुळे, कारण त्या फळातलं जांभळं रंगद्रव्य अल्कधर्मी पिठात रंग बदलतं.

आता एक सरळ कृती. एक वाटी कणीक, अर्धी वाटी नाचणीचं पीठ, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा किसलेला गूळ, एक अंडं, दोन मोठे चमचे तेल आणि साधारण दीड वाटी ताक. हलक्या हातानं कालवायचं, वीस मिनिटं झाकून ठेवायचं. मग एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव छोटा चमचा सोडा. पळीभर पीठ तव्यावर घातलं की वर जाळी पडते. बुडबुडे फुटून भोकं तशीच उघडी राहिली आणि कडा कोरड्या दिसल्या की उलटायचं, एकदाच. वॉफलसाठी याच पिठात ताक थोडं कमी, तेल एक चमचा जास्त, आणि नाचणीच्या जागी ज्वारीचं पीठ घ्या, कुरकुरीतपणा वाढतो. अंड्याचा पांढरा बलक वेगळा फेटून शेवटी अलगद मिसळलात तर आणखी हलकं होईल.

वर काय ओतताय?

एक लिटर मेपल सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. महाग असतं ते उगाच नव्हे. पण एका मोठ्या चमचाभर सिरपमध्ये साखर असते सुमारे १२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. म्हणजे दोन चमच्यांत कोटा संपला! इतकी निगुतीनं कणीक मुरवायची आणि वर सिरपची वाटी रिकामी करायची, याला अर्थ नाही.

कोल्हापूरकडची काकवी मला मेपलपेक्षा जास्त आवडते. तिला खमंग, किंचित खारट चव असते. पण तीही साखरच, तेव्हा एक छोटा चमचा पुरे. सोबत टांगलेलं दही, भाजून कुटलेले तीळ, केळं किंवा हंगामात आंबा. आंब्याच्या दिवसांत तर काकवीसुद्धा लागत नाही.

उरले तर

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या डोर्सा बंधूंनी १९५३ मध्ये गोठवलेली वॉफल दुकानांत आणली, तीच पुढे ‘एगो’ म्हणून जगप्रसिद्ध झाली. एकाच वेळी हजारो वॉफल भाजता यावीत म्हणून फ्रँक डोर्सा यांनी जत्रेतल्या फिरत्या पाळण्याचं इंजिन वापरून यंत्र बनवलं होतं. आपल्याला एवढं नको. रविवारी दुप्पट वॉफल करा, जाळीवर पूर्ण गार करा, डबा भरून फ्रीझरमध्ये ठेवा. शाळेच्या घाईत थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर मंद आंचेवर गरम करा. अख्ख्या धान्याची वॉफल यात जराही बिघडत नाहीत.

पिठं मात्र ताजी वापरा. अंकुरात तेल असतं आणि ते हवेनं खवट होतं. बाजरीचं पीठ तर थोड्याच दिवसांत कडू पडतं. गिरणीतून थोडंथोडं दळून आणा किंवा घरघंटी असेल तर तिला कामाला लावा. विकतचं घ्यायचंच असेल तर पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचा ‘मल्टिग्रेन’ शब्द सोडून मागची यादी वाचा. पाच धान्यांचे पाच मैदे एकत्र केले तरी ते मल्टिग्रेनच असतं.

आणि घरात अजून कुणी कुरकुरत असेल, तर भांडू नका. या रविवारी नेहमीच्या कृतीतला निम्मा मैदा काढून कणीक घाला. फरक कुणाला कळला नाही, तर पुढच्या रविवारी उरलेला निम्माही काढून टाका.